वाचकांचे प्रश्न : नागपूरचा उन्हाळा आणि घराजवळच्या सहली

सुट्टीत जवळपास कुठे जावे, याविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. आलेली बहुतेक पत्रे एकाच अडचणीपाशी येऊन थांबतात. मुले, माहेरवाशिणी, परगावी नोकरी करणारे भाऊ आणि जुने मित्र, सगळे सुट्टीमुळे मे महिन्यातच एकत्र येतात आणि नेमका तोच महिना नागपुरात घराबाहेर पडायला सर्वांत अवघड असतो. २०१३ च्या मे महिन्यात शहराचा पारा ४७.९ अंशांपर्यंत चढला होता आणि ४४-४५ अंश तर येथे दर वर्षी सोसावेच लागतात. तरीही सहली व्हाव्यात, असे आमचे ठाम मत आहे. मात्र ठिकाण आधी आणि वेळ नंतर ठरवण्याची आपली जी सवय आहे, ती नागपूरच्या उन्हाळ्यापुरती उलटी करावी लागते. पुढील उत्तरे याच धोरणाने दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : पुण्याहून आणि ठाण्याहून माझी तीन नातवंडे महिनाभरासाठी येत आहेत. वये सहा, नऊ आणि बारा. गेल्या वर्षी ती दिवसभर कूलरपुढे मोबाइल घेऊन बसली आणि जाताना "नागपुरात काहीच नाही" असे म्हणून गेली. ते वाक्य माझ्या मनाला लागून राहिले आहे. फार लांब नेणे मला जमत नाही. काय करावे? (एक आजी, महाल)

उत्तर : आजी, आपल्याला ते वाक्य लागले हे अगदी स्वाभाविक आहे, आणि ते खोडून काढण्यासाठी शहराबाहेर जाण्याचीही गरज नाही. मे महिन्याच्या मध्यावर नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि साडेआठनंतर ऊन बोचू लागते. सकाळचे हे तीन तास मुलांचे आहेत, असे पहिल्याच दिवशी घरात जाहीर करावे. मुले पहाटे उठणार नाहीत, ही भीती आपण बाळगू नये. सेमिनरी हिल्सहून परतताना तर्री पोहे मिळणार आहेत, असे कळले की मुले आपल्याआधी तयार होऊन बसतात, हा अनेक घरांचा अनुभव आहे.

सेमिनरी हिल्सच्या परिसरात बालोद्यान आहे, जपानी उद्यान आहे आणि त्यांच्या भोवताली बऱ्यापैकी झाडी आहे. पहाटे तेथे गेल्यास मुलांना बहावा अवश्य दाखवावा. एप्रिल-मेमध्ये हे झाड पिवळ्या घोसांनी लगडते आणि त्याच फांद्यांवर मागील मोसमातील हातभर लांबीच्या काळपट शेंगाही लोंबत असतात. खाली पडलेली वाळकी शेंग उचलून कानाजवळ हलवली की आतल्या बिया खुळखुळतात. सहा वर्षांच्या मुलाला तेवढे पुरते आणि बारा वर्षांच्या मुलाला ती शेंग फोडून आतले चकत्यांसारखे कप्पे मोजायला द्यावेत. फुटाळा तलाव तेथून जवळच आहे. मात्र तेथे सकाळीच जावे, कारण सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी होणाऱ्या गर्दीत तीन मुले सांभाळणे आपल्याला जड जाईल.

दुपारी अकरा ते पाच या वेळात बाहेर पडायचेच असेल, तर छताखालच्या जागा निवडाव्यात. गांधीसागर तलावाजवळचे रमण विज्ञान केंद्र १९९२ पासून सुरू आहे आणि तेथील तारांगणही मुलांना आवडते. सिव्हिल लाइन्समधील मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपल्या पिढीचा अजब बंगला, १८६३ मध्ये स्थापन झाले. तेथे मुलांबरोबर आपण स्वतः जावे, असा माझा आग्रह आहे. आपण लहानपणी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा काय वाटले होते, हे नातवंडांना दुसरे कोणी सांगू शकणार नाही. मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयाचेही तसेच आहे. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची नागपूर-नागभीड गाडी २०१९ मध्ये रूळ रुंदीकरणासाठी बंद झाली. ज्यांनी त्या गाडीतून प्रवास केला असेल, त्यांनी तिच्या वेगाची आणि वाटेतल्या स्टेशनांची हकिकत सांगावी, म्हणजे समोरचे इंजिन मुलांना केवळ लोखंड वाटणार नाही. संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, तेव्हा निघण्यापूर्वी खात्री करून घ्यावी.

आणि सर्वांत जवळची सहल आपल्या गच्चीवर आहे. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून ती निववावी, रात्री गाद्या घालाव्यात आणि मुलांना उत्तरेकडे तोंड करून सप्तर्षी शोधायला लावावेत. मे महिन्यात रात्री आठ-नऊच्या सुमारास ते चांगलेच वर असतात. त्यांतील वसिष्ठाच्या अगदी कडेला अरुंधती दिसते का, यावर डोळ्यांची परीक्षा घ्यावी. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक पुढे वाढवत नेला की तांबूस, तेजस्वी स्वाती सापडते आणि तीच रेघ आणखी पुढे नेली की चित्रा. रात्र चढली की आग्नेयेकडून वृश्चिक वर येतो आणि त्याची नांगी मुलांना कोणी दाखवावी लागत नाही. मोठ्या शहरांच्या मध्यवस्तीत आता अशी गच्ची फार थोड्या मुलांच्या वाट्याला येते.

प्रश्न : आम्ही पाच भावंडे आणि त्यांची कुटुंबे मिळून बावीस जण जमणार आहोत. सर्वांत मोठ्या आत्या ८१ वर्षांच्या आहेत आणि सर्वांत लहान पणती नऊ महिन्यांची. आत्यांची रामटेकला जाण्याची फार इच्छा आहे. एका दिवसात गडमंदिर, कालिदास स्मारक, खिंडसी, नगरधन आणि मनसर असा बेत आखला आहे. तो जमेल का? (एक निवृत्त शिक्षक, मानेवाडा)

उत्तर : सर, डिसेंबरात हा बेत जमला असता. मे महिन्यात तो जमणार नाही आणि तो जमवण्याचा प्रयत्नही करू नये, असे मी आपल्याला मनापासून सांगतो. बावीस जणांच्या सहलीचा वेग सर्वांत अशक्त माणसाच्या वेगाने ठरतो, आणि आपल्याकडे अशी दोन माणसे आहेत. त्यांतील एकीला बोलून दाखवता येत नाही आणि दुसऱ्या बहुधा बोलून दाखवणार नाहीत, कारण आपल्यामुळे सगळ्यांचा विरस होऊ नये, असे त्यांना वाटत असणार.

म्हणून पाच ठिकाणांऐवजी एकच ठिकाण घ्यावे. रामटेक नागपूरहून पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे. गाड्या पहाटे पाचला निघाल्या पाहिजेत, म्हणजे सव्वासहा-साडेसहापर्यंत आपण गडावर असाल. आत्यांना पायऱ्यांच्या वाटेने नेऊ नये, गाडीरस्त्याने वर न्यावे, आणि वाहनतळापासून पुढच्या चढासाठी घडीची खुर्ची बरोबर ठेवावी, म्हणजे वीस पावलांवर एकदा टेकता येते. गडावर वानरांचा उपद्रव असतो. केळी आणि प्रसादाच्या पिशव्या हातात उघड्या धरू नयेत आणि आत्यांच्या हाती तर पिशवी देऊच नये, कारण हिसका बसून तोल जाण्याची भीती असते.

वर पोहोचल्यावर घाई करू नये. अखंड दगडातील तो प्रचंड वराह मुलांना जवळून पाहू द्यावा. त्याच्या पोटाखालून सरपटत पलीकडे निघण्याची जुनी रीत आहे आणि पापी माणूस मध्येच अडकतो असे लोक म्हणतात, त्यामुळे सगळ्या लेकरांना तेथून जायचे असते आणि एखाद्या गुटगुटीत काकांनाही गळ घातली जाते. नृसिंहाची मंदिरे वाकाटकांच्या काळातली आहेत, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षे जुनी. पायथ्याच्या बाजूचे नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, असे अभ्यासक मानतात. तेव्हा नगरधनला न जाताही गडाच्या कठड्यावरून त्या दिशेला बोट दाखवून आपल्याला राणी प्रभावतीगुप्तेची गोष्ट सांगता येईल. आपण शिक्षक आहात, हे मी आपल्याला सांगायला नको. कालिदास स्मारक वरच आहे. दर्शन आणि स्मारक पाहून साडेनऊपर्यंत गड सोडावा. अंबाळा तलावाच्या काठी थोडा वेळ थांबून अकरा-साडेअकरापर्यंत नागपूरला घरी यावे आणि सगळ्यांनी मिळून आमरसाचे जेवण करावे. सहल अर्धीच झाली, असे कोणाला वाटू देऊ नये. जेवणानंतर अंधार केलेल्या खोलीत बावीस जणांनी आडवे होऊन गप्पा मारणे, हाही सहलीचाच भाग आहे. खिंडसीची नौकासफर तरुण मंडळींनी दुसऱ्या एखाद्या संध्याकाळी स्वतंत्रपणे करावी.

वेळेबाबत मी इतका आग्रही का आहे, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या घरची सहल अशीच ठरली होती. भाड्याची गाडी दोन तास उशिरा आली. तेव्हाच बेत रद्द करायला हवा होता, पण सगळे तयार होऊन बसले होते, डबे भरलेले होते, म्हणून आम्ही निघालो. आम्ही गडावर पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. मंदिराच्या आवारात अनवाणी चालताना फरशी तव्यासारखी भाजत होती. चौऱ्याहत्तर वर्षांच्या मावशी एका पायरीवर बसल्या आणि पाणी विचारले तर भलतेच काही उत्तर देऊ लागल्या. त्यांच्या कपाळाला हात लावला तेव्हा कातडी कोरडी आणि कढत लागली. घाम पूर्ण थांबला होता. त्यांना सावलीत आडवे केले, दोन दुपट्टे पाण्यात भिजवून अंगावर टाकले, पुठ्ठ्याने वारा घातला आणि तसेच रुग्णालय गाठले. मावशी बऱ्या झाल्या. पण गाडी उशिरा आली हे खरे असले, तरी त्यानंतर निघण्याचा निर्णय आमचाच होता, हे मी कधी विसरलो नाही.

म्हणून ही लक्षणे घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असू द्यावीत. घाम थांबणे, अंग तापणे, बोलणे असंबद्ध होणे, झापड येणे, यांपैकी काहीही दिसले की तो उष्माघात समजून आधी शरीर थंड करायला लागावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. माणूस शुद्धीवर नसेल किंवा भ्रमिष्टासारखा बोलत असेल, तर त्याच्या तोंडात पाणी किंवा पन्हे अजिबात ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. शुद्धीवरच्या थकलेल्या माणसासाठी एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते पाणी थोडे थोडे पाजावे. असे दोन-तीन लिटर पाणी घरूनच करून न्यावे. आत्यांना रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल, तर निघण्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

राहिली नऊ महिन्यांची पणती. तिला आणि तिच्या आईला या सहलीतून वगळण्याची गरज नाही, पण साडेनऊची वेळ तिच्यासाठी अटळ समजावी. तिला दर थोड्या वेळाने अंगावर पाजावे, डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून ठेवू नये आणि उभ्या गाडीत क्षणभरही कोणाच्या भरवशावर ठेवू नये. काचा बंद केलेली गाडी उन्हात दहा मिनिटांत भट्टी होते.

प्रश्न : पुण्याची माझी मावसभावंडे मे महिन्यात येणार आहेत. त्यांना संत्र्याची बाग पाहायची आणि झाडावरची संत्री तोडून खायची आहेत. कुठे न्यावे? (एक वाचक, काटोल रोड)

उत्तर : बाग पाहता येईल, संत्री तोडता येणार नाहीत. आपल्याकडे संत्र्याचे दोन बहार घेतात. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि त्याची फळे दिवाळीनंतर, साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत हाती येतात. मृग बहार पावसाच्या आगमनाबरोबर फुलतो आणि त्याची फळे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उतरतात. मे महिन्यात आंबियाची फळे हिरवी आणि लहान असतात, आणि ज्या बागेत मृग धरायचा असतो तेथे शेतकरी मुद्दाम पाणी तोडून झाडांना ताण देतात. त्यामुळे झाडे मलूल दिसतात, पाने गळतात, आणि बाहेरच्या माणसाला वाटते की बाग वाळली. हा ताण म्हणजे पुढच्या फुलोऱ्याची तयारी आहे, हे भावंडांना समजावून सांगितले, तर कोरड्या बागेतली सकाळही त्यांच्या लक्षात राहील. ताणावर असलेल्या झाडाला कोणी कळवळून बाटलीतले पाणी घालू नये, एवढे मात्र बजावावे. संत्री खाण्यासाठी त्यांना डिसेंबरात पुन्हा बोलवावे.

प्रश्न : माझा सोळा वर्षांचा मुलगा मित्रांसोबत पोहायला जायचे म्हणतो. कधी गावाबाहेरच्या खदानीचे नाव घेतो, कधी नदीचे. "सगळे जातात, तूच एकटी घाबरतेस" असे तो म्हणतो. मी त्याला अडवणे चुकीचे आहे का? (एक आई, हुडकेश्वर)

उत्तर : ताई, आपण अगदी बरोबर करत आहात. या एका बाबतीत मुलगा रागावला, चार दिवस बोलला नाही, तरी चालेल. दर उन्हाळ्यात आपल्या भागात तरुण मुले बुडाल्याच्या बातम्या येतात आणि त्यांतील कित्येक मुलांना पोहता येत असते.

मुलाला नुसते "जाऊ नको" न सांगता कारण सांगावे, कारण या वयात कारण पटले तरच नियम टिकतो. बंद पडलेल्या दगडखाणीचे काठ उभे तुटलेले असतात. उडी मारणे सोपे असते, पण वर यायला पाय टेकण्याजोगी जागाच नसते. तिचे पाणी वरून तापलेले आणि आत खोलवर अतिशय गार असते. त्या गारव्याने श्वास एकदम अडखळतो, पायात गोळे येतात आणि पट्टीचा पोहणाराही गडबडतो. तळाशी दगड, गाळ, तारा काय आहे ते वरून दिसत नाही. नदीचे पात्र उन्हाळ्यात उथळ आणि निरुपद्रवी वाटते, पण जेथून वाळू उपसलेली असते तेथे गुडघाभर पाण्यापासून पुढच्याच पावलाला पुरुषभर खोल खड्डा लागू शकतो. धरणाखालच्या पात्रात पाणी सोडले तर पातळी अचानक वाढते. एक मुलगा बुडू लागला की दुसरा त्याला वाचवायला उडी घेतो आणि दोघेही जातात. आपल्या मुलाला हे एक वाक्य पुन्हा पुन्हा सांगावे: मित्र बुडत असेल तर पाण्यात उडी न घेता काठावरून दुपट्टा, पँट, फांदी किंवा दोर फेकावा आणि मोठ्याने ओरडून माणसे गोळा करावीत.

त्याचबरोबर त्याची पाण्याची ओढ मारू नये. जीवरक्षक असलेल्या तलावात त्याचे आणि त्याच्या दोन-तीन मित्रांचे महिन्याभराचे शुल्क भरावे. शक्य असल्यास त्या मित्रांच्या आयांशी आपण स्वतः बोलावे, कारण चार घरांनी एकच नियम केला की "सगळे जातात" हे वाक्यच उरत नाही.

प्रश्न : आम्ही कॉलेजच्या वेळचे नऊ मित्र-मैत्रिणी बऱ्याच वर्षांनी एकत्र भेटत आहोत. एकाचे उमरेड रस्त्याला वावर आहे. तिथे रोडग्यांचा बेत करायचा आहे, पण घरचे म्हणतात की मे महिन्यात आगीजवळ कोण बसते. (एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर : घरच्यांचे म्हणणे दुपारपुरते खरे आहे. रोडगे रात्री करावेत, आणि शक्य असेल तर वैशाख पौर्णिमेच्या आगेमागे. चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो आणि वावरात वेगळ्या दिव्याची गरज फारशी उरत नाही.

सायंकाळी सहाच्या बेताने पोहोचून आधी जागा निवडावी. धुऱ्यावरचे वाळलेले गवत, कडब्याची गंजी आणि झाडाचा पालापाचोळा यांपासून चांगले लांब, उघड्या जमिनीवर वीतभर खड्डा करून त्यात गोवऱ्या रचाव्यात. वारा असेल तर तो पडेपर्यंत पेटवू नयेत, आणि दोन भरलेल्या बादल्या पेटवण्यापूर्वीच बाजूला आणून ठेवाव्यात. जंगलाच्या हद्दीत किंवा तिच्या लगत तर या दिवसांत काडीसुद्धा ओढू नये. मे महिन्यात वाळलेल्या पाल्याला ठिणगी पुरते.

जाडसर दळलेल्या कणकेत मीठ, ओवा आणि तेलाचे मोहन घालून घट्ट मळावे. पुऱ्या लाटून, प्रत्येकीला तेल लावून, एकीत एक गुंडाळत गोळा करावा. गोवऱ्यांचा जाळ विझून निखारे लाल झाले की रोडगे त्यांवर फिरवून फिरवून शेकावेत आणि वरून करपट डाग पडू लागले की गरम राखेत पुरून ठेवावेत. खरे शिजणे त्या राखेत होते, तेथे घाई करणारा हमखास कच्चा रोडगा खातो. बाहेर काढल्यावर जाड फडक्यात धरून राख झटकावी. दोन तळव्यांत दाबला की रोडगा फुटतो, आत पदर सुटलेले दिसतात आणि वाफ येते. त्याच क्षणी वरून तूप सोडावे. सोबत वांग्याची झणझणीत भाजी, घट्ट वरण आणि कच्चा कांदा, बाकी कशाचीही गरज नाही. टरबूज मात्र दुपारीच ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवावे, म्हणजे रात्री ते गार लागते.

अंधारात विंचू-सापांचा विचार ठेवून बंद बूट घालावेत, टॉर्च जवळ बाळगावी, आणि निघताना राखेवर पाणी ओतून ती काठीने हलवून पुन्हा पाणी ओतावे. गाडी चालवणाऱ्यांनी मद्य घेऊ नये, आणि डोळ्यांवर झोप असेल तर कोणीही रात्री परतीच्या रस्त्याला लागू नये. खाटा टाकून तेथेच झोपावे आणि पहाटे निघावे.

प्रश्न : मुलांना वाघ पाहायचा आहे. पेंचची सफारी उन्हाळ्यात करावी का, आणि खर्च झेपत नसेल तर दुसरा पर्याय आहे का? (एक वाचक, जरीपटका)

उत्तर : उन्हाळ्यात करावी. पाणी आटत गेल्याने प्राणी मोजक्या पाणवठ्यांवर येतात आणि पानगळीमुळे लांबवर दिसते, म्हणून वन्यप्राणी दिसण्याची शक्यता याच दिवसांत अधिक असते. सिल्लारी, चोरबाहुली आणि खुर्सापार ही महाराष्ट्रातील पेंचची प्रवेशद्वारे नागपूरहून सोयीची आहेत. उघडी जिप्सी असल्यामुळे फेरी सकाळचीच घ्यावी आणि आरक्षण बरेच आधी करावे. पावसाळ्यात मुख्य क्षेत्र पर्यटनासाठी बंद असते. वाघ दिसेलच असे मुलांना वचन देऊ नये. त्यांना मोराचे पिसारा फुलवणे, गव्यांचा कळप आणि मचाणासारख्या फांदीवर बसलेला सर्पगरुडही मोजायला शिकवावे. खर्च झेपत नसेल तर शहरालगतच्या गोरेवाड्याला जावे. २६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालेल्या तेथील भारतीय सफारीत वाघ, बिबटे आणि अस्वले मोठ्या मोकळ्या आवारात ठेवलेली आहेत आणि बसमधून ती पाहता येतात.

प्रश्न : माझे वय ७८ आहे. गुडघ्यांमुळे चालणे होत नाही. घरचे सगळे फिरायला जातात, मला नेण्याचा आग्रहही करतात, पण माझ्यामुळे त्यांचा खोळंबा होतो म्हणून मीच नाही म्हणते. उन्हाळाभर या खिडकीत बसून कंटाळा येतो. (एक वाचक, सेंट्रल अॅव्हेन्यू)

उत्तर : काकू, आपण सेंट्रल अॅव्हेन्यूवर राहता, म्हणजे मेट्रोचे स्थानक आपल्यापासून फार लांब नाही. लोकमान्य नगर ते प्रजापती नगर ही मार्गिका आपल्याच रस्त्यावरून जाते. स्थानकांत वर जायला उद्‌वाहन असते आणि डबे वातानुकूलित असतात. घरातील एकाच माणसाला, शक्यतो एखाद्या नातवाला, सोबत घ्यावे. सगळ्यांसोबत जाण्याचा प्रश्नच ठेवू नये, म्हणजे कोणाचा खोळंबा होण्याची शंका आपल्या मनात राहणार नाही.

संध्याकाळी साडेपाचच्या पुढे निघावे. स्थानकापर्यंत ऑटो करावा, दोनशे पावलांसाठीही चालण्याचा हट्ट धरू नये. खिडकीशेजारी बसून सीताबर्डी मागे टाकावी, शंकरनगर येईल, मग अंबाझरी तलावाच्या बाजूने गाडी जाईल. त्या वेळी सूर्य कलता असतो आणि उन्हाळ्यात तलावाचे पाणी खाली गेलेले असले, तरी वरून ते पाहायला फार सुंदर वाटते. लोकमान्य नगरला उतरून दुसऱ्या बाजूच्या गाडीत बसावे आणि परत यावे. सुमारे दीड-दोन तासांत आपण घरी असाल. ज्या रस्त्यांवरून आपण सायकलने, रिक्षाने, लग्नानंतर पहिल्यांदा स्कूटरवर मागे बसून गेला असाल, ते सगळे रस्ते नातवाला वरून दाखवता येतील. पाण्याची छोटी बाटली आणि गुळाचा खडा पिशवीत ठेवावा. तिकीट त्याला काढायला सांगावे. आणि पहिली फेरी बरी वाटली, तर पुढच्या आठवड्यात सीताबर्डीला गाडी बदलून खापरीपर्यंत जावे. तो मार्ग अधिक लांबचा आहे आणि संध्याकाळी त्या बाजूचे आकाश फार मोकळे दिसते.